'मोअर' केवळ शब्दाच्या लांबीवर ठरत नाही
इंग्रजीत तुलना करताना एका सिलेबलच्या (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दखंडाच्या) विशेषणाला 'अर' व 'एस्ट' जोडावे आणि त्याहून लांब विशेषणाआधी 'मोअर' व 'मोस्ट' घालावे, हा नेहमी सांगितला जाणारा नियम आरंभापुरता ठीक आहे. परंतु 'बोअर्ड' एकाच सिलेबलचे असूनही त्याचे 'मोअर बोअर्ड' होते, कारण ते मुळात क्रियापदापासून आलेले धातुसाधित आहे, आणि उलट 'अनहॅपी' तीन सिलेबलचे असूनही 'अनहॅपिअर' शुद्ध मानले जाते. 'क्लेव्हर', 'नॅरो' यांची तर दोन्ही रूपे चालतात.

लॅटिनमधून तुलनावाचक रूपातच आलेल्या 'सीनिअर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर', 'इन्फीरिअर' या शब्दांचा उल्लेख मात्र या नियमात येत नाही. त्यांच्यानंतर 'दॅन' नव्हे, तर 'टू' येते. इंदूरमध्ये मी ज्या मराठी मुलांना शिकवतो, त्यांच्या घरी 'पेक्षा' आणि बाहेर हिंदीतला 'से', अशी प्रत्येक तुलनेला पुरणारी एकेकच सोय असल्यामुळे, ती 'ही इज सीनिअर दॅन मी' असे अगदी निःशंकपणे लिहितात. 'प्रिफर' या क्रियापदाचीही तीच गत: 'आय प्रिफर पोहा टू उपमा' हे वाक्य (इंदूरकराला त्यातल्या मताबद्दल शंका नसते!) पाठ करून घेतल्यावर फरक पडतो. हुद्द्याच्या संदर्भात 'मोअर सीनिअर दॅन' असे चांगल्या इंग्रजीतही लिहिले जाते, म्हणून ते मी खोडत नाही. 'मोअर सुपीरिअर' मात्र खोडतो.