'लेकीबाळींचा प्रश्न आहे' : हे वाक्य तुमच्या वाट्याला कधी आलं? (नाशिककरांनो, अनुभव लिहा)

निशिगंध
रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट अंबडला कंपनीत असलेल्या चार बिहारी मुलांना भाड्याने द्यायचा की नाही. दीड तास चालली. परप्रांतीय, त्यांची संस्कृती, बायकांकडे बघायची त्यांची नजर, कुंभाच्या कामांमुळे अजून किती येणार, सगळं झालं. आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी म्हणायचं, "लेकीबाळींचा प्रश्न आहे हो." आम्ही सात लेकीबाळी सतरंजीच्या कडेला बसलो होतो. एकीलाही कोणी विचारलं नाही.

तिथे बसल्या बसल्या मला १९९६ आठवलं. मी बारावीला. सिडकोतून मायको सर्कलवरून कॉलेज रोडला क्लासला जायचे, जांभळी लेडीबर्ड होती. एक जण महिनाभर स्कूटरवरून मागे यायचा. बोलायचा काही नाही, फक्त सायकलच्या बरोबरीने गाडी ठेवायची, मी थांबले की थांबायचं. परका नव्हता. दोन गल्ल्या सोडून राहायचा, आमच्याच मंडळाचा कार्यकर्ता, बाबांच्या भिशीत त्याचे वडील. घरी सांगितलं. बाबांनी त्याला एक शब्द विचारला नाही. माझा क्लास बंद झाला. सायकल जिन्याखाली गेली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हवा जाऊन रिम जमिनीला टेकली होती, तिच्यावर आईने कांद्याची टोपली ठेवलेली.

बाबा वाईट नव्हते. त्यांना माझी काळजीच होती. पण त्या काळजीत घरात बसली ती मीच, आणि याचा राग मला सत्तेचाळिसाव्या वर्षी आला, परवा, मीटिंगमध्ये.

तुमचे अनुभव लिहा. बाहेरच्या माणसाचे, घरच्या माणसाचे, स्वतः बाहेरची असल्याचे. कसेही लिहा.

मोगरा_७
अगं किती दिवसांनी लिहिलंस. क्लास कुठला? मी पण ९६ ची बारावी. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

पाथर्डीफाटा
आमच्याकडे तर ठरावच झालाय, 'बॅचलर व परप्रांतीयांस फ्लॅट देऊ नये'. माझ्या भाच्याला पुण्यात 'बॅचलर' म्हणून चार घरं नाकारली तेव्हा याच लोकांना राग आला होता.

सई_आई
माझा अनुभव वेगळा आहे. कोणाला आवडणार नाही तरी लिहिते.

आमच्या समोर दोन वर्षं बांधकाम चालू होतं. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसेक माणसं, बहुतेक यूपी-झारखंडकडची. मुलगी आठवीत. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर सात-आठ जण बसायचे, ती गेली की मोबाईलवर घाणेरडी गाणी मोठ्याने. एकाने व्हिडिओ काढला. ती रडत आली आणि म्हणाली, "आई, मी आता ओढणी घेऊन जाऊ का?" ट्रॅकपँट घातलेली पोरगी. पोटात तुटलं माझ्या.

ठेकेदाराकडे गेले. तो म्हणे, "मॅडम, माझ्याकडे रोज माणसं बदलतात, कोण कोण ते मला माहीत नाही." मग ११२ लावला. गाडी आली, फोन बघितला, व्हिडिओ डिलीट करायला लावला, दोघांना घेऊन गेले. त्यानंतर पायरी मोकळी झाली.

माझी भीती खोटी नव्हती. "सगळे तसे नसतात" हे मला लगेच कोणी सांगू नये एवढीच विनंती.

निशिगंध
सई_आई, कोणी सांगणार नाही. लेक कशी आहे आता?

सई_आई
बारावी झाली. कराटे. घरात मलाच पाडते 🙂

काळाकोट
सई_आई, व्हिडिओ डिलीट करायला लावला ही मदत नाही, तो पुरावा होता. पुढे कोणाला लागलं तर आधी जप्ती पंचनामा मागा. आणि "कोण कोण ते माहीत नाही" हे ठेकेदाराने म्हणायचंच नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा तेव्हा लागू होता (नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या श्रमसंहितेत गेला). ठेकेदाराने परवाना घ्यायचा, दर कामगाराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, असं त्यातच होतं. नोंद ठेवली असती तर मजुराची मजुरी बुडली नसती आणि तुम्हालाही नाव कळलं असतं. मुंबईतल्या साकीनाक्याच्या बलात्कार-हत्येनंतर सप्टेंबर २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी परराज्यातून येणाऱ्यांची नोंद ठेवायला पोलिसांना सांगितलं, केवढा वाद झाला. कामगाराची नोंद ठेकेदाराकडून घ्यायची हे मात्र कोणाच्या तोंडी नव्हतं.

निशिगंध, तुमच्या १९९६ बद्दल. तेव्हा 'पाठलाग' हा वेगळा गुन्हाच नव्हता. निर्भयानंतर २०१३ मध्ये ३५४-ड आलं, १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ७८. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत. तुमचे बाबा चौकीत गेले असते तरी तिथे काय लिहून घेतलं असतं, देव जाणे.

आणि एक. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी येतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीतला असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. माझ्याकडे येणाऱ्या बायका पण तेच सांगतात. फक्त आधी दार लावून घेतात.

मोगरा_७
आले. निशिगंध, क्लास कॅनडा कॉर्नरच्या अलीकडचा का गं, वर जाणारा लाकडी जिना? मॅथ्सचे सर खडू फेकून मारायचे?

निशिगंध
तोच!! म्हणजे आपण एकाच बॅचला असू शकतो. मी ऑगस्टपर्यंतच होते.

मोगरा_७
ऑगस्टमध्ये एक मुलगी यायची बंद झाली होती. आम्हाला वाटलं लग्न ठरलं. आम्ही विचारलं पण नाही कोणाला. सॉरी गं.

ऱ्हाईनकाठ
मूळची नाशिकरोडची, बारा वर्षं कोलोनमध्ये. इथे आम्हीच परप्रांतीय.

३१ डिसेंबर २०१५ ची रात्र तुम्ही वाचली असेल. मुख्य स्टेशन आणि कॅथेड्रलच्या मधल्या चौकात गर्दीत बायकांना घेरून अंगाला हात लावले, पर्स-मोबाईल ओढले. वर्णनं आली ती उत्तर आफ्रिकी, अरब तरुणांची. हजाराहून जास्त तक्रारी झाल्या. मी त्या रात्री घरी होते, मुलगी सहा महिन्यांची. माझी ऑफिसमधली मैत्रीण तिथे होती. तिने सांगितलेलं अजून आठवतं, "किती हात होते ते मोजता आलं नाही."

सकाळी पोलिसांचं पत्रक काय, तर रात्र बरीचशी शांततेत गेली. मग महापौरांनी सुचवलं की बायकांनी अनोळखी माणसांपासून हातभर अंतर ठेवावं. महापौर स्वतः बाई. मैत्रीण म्हणाली, "मी ठेवणार होते अंतर, त्यांनी ठेवलं नाही." त्यानंतर सगळीकडे चर्चा एकच, निर्वासितांना घ्यायचं की हाकलायचं. तिला टीव्हीवर बोलवायचे तेही तेवढ्यासाठीच. दोन्ही बाजूंना ती हवी होती, पण तिचं म्हणणं नको होतं. ती गेली नाही.

एक झालं. तोपर्यंत जर्मनीत बाईने नुसतं नाही म्हणणं कायद्याला पुरत नव्हतं. जुलै २०१६ मध्ये 'नाही म्हणजे नाही' असा बदल संसदेत मंजूर झाला. बायकांच्या संघटना तो कित्येक वर्षं मागत होत्या.

आणि आमच्या घरचं. त्याच जानेवारीत माझा नवरा ट्रॅममध्ये बसला, सावळा, दाढीवाला. शेजारच्या आजींनी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. तो घरी येऊन म्हणाला, "मी उद्यापासून दाढी काढू का?" त्याच आठवड्यात मी स्टेशनवरून येताना मुलांचं टोळकं दिसलं की रस्ता बदलत होते. त्याला आजींचा राग आला होता आणि मी त्या आजींसारखीच वागत होते. आम्ही दोघं जेवताना यावर बोलू शकलो नाही. अजूनही नीट बोललेलो नाही.

पाथर्डीफाटा
बाप रे. सई_आईच्या लेकीची ओढणी आणि तुझ्या नवऱ्याची दाढी.

आजीचीगोधडी
ऱ्हाईनकाठ, नाशिकरोडला कुठे? प्रेसच्या क्वार्टर्समध्ये का? आमचे हे प्रेसमध्ये होते.

ऱ्हाईनकाठ
हो काकू! बाबा नोट प्रेसला. भोंगा झाला की आई पोळ्या टाकायची.

आजीचीगोधडी
अगो बाई. मग व्यनि (खाजगी निरोप) कर.

द्राक्षवेल
पिंपळगाव बसवंत. आमच्याकडे परप्रांतीय नाही, पण 'बाहेरचे' आहेत. सुरगाणा-पेठकडच्या टोळ्या. छाटणीला, डिपिंगला, विरळणीला. निम्म्याहून जास्त बायका. जिल्हा एकच तरी गावात म्हणतात, "त्यांच्यात चालतं सगळं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यांच्यात चालतं म्हणजे काय, कोणीही पदराला हात लावावा?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगी, सतराची असेल, सकाळी बागेत यायची तर कायम दोघींच्या मध्ये चालायची. विरळणी करताना पण ओळीच्या टोकाला जायची नाही. सासूबाईंनी ओळखलं. रात्री शेडवर येणारा आमच्याच भावकीतला निघाला. टोळीने उचल घेतलेली, म्हणून सगळ्या गप्प, काम गेलं तर पैसे फेडायचे कुठून? सासूबाईंनी सगळ्या बायकांच्या वाकळा पडवीत आणून टाकल्या आणि स्वतः दाराशी खाट टाकली. हंगामभर. तक्रार करायचं मी म्हणाले, तर मुलगीच हात जोडून नको म्हणाली.

नंतर कळलं, दहापेक्षा कमी माणसं असली किंवा मालकाविरुद्धच तक्रार असली तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तीन महिन्यांत अर्ज द्यायचा. आमच्या शिवारात कोणालाच माहीत नव्हतं. मला पण. आता शेडच्या दारावर खडूने महिला हेल्पलाइनचा १८१ लिहून ठेवलाय.

काळाकोट
आणि ती अठराच्या आतली होती, म्हणजे पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. तिथे मुलीच्या नकाराने कळवायची जबाबदारी संपत नाही. तुम्हाला दोष देत नाही, वाचणाऱ्यांसाठी लिहिते.

द्राक्षवेल
माहीत आहे आता. तेव्हा माहीत असतं तर, हा विचार रोज येतो.

जेलरोडकर
पुरुष आहे, लिहू का?

निशिगंध
लिहा की.

जेलरोडकर
फेब्रुवारी २००८. मी वीस वर्षांचा. शहरात उत्तर भारतीयांना मारहाण सुरू झाली, सातपूर-अंबडचे कामगार गाठोडी बांधून स्टेशनला निघाले. मी एका जमावात मागे उभा होतो. दगड उचलला नाही, पण घरीही गेलो नाही. पाणीपुरीची गाडी उलटी केली, मटका फुटला, पुदिन्याचं पाणी गटारीपर्यंत गेलं. तो वास अजून येतो. गाडीवाला आम्हाला "भाऊ" म्हणायचा.

मुद्दा नोकऱ्यांचा होता. टपरीवर मात्र आम्ही बोलायचो ते "आपल्या पोरींकडे बघतात". माझ्या बहिणीला फोन करून छळणारा आमच्या त्याच ग्रुपमधला होता. तिने मला दोन वर्षांनी सांगितलं. तेव्हा का नाही बोललीस विचारलं, तर म्हणाली, "तू त्याच्याच गाडीवर बसून घोषणा देत होतास." यापुढे मला लिहिता येत नाही.

निशिगंध
दादा, लिहिलंत ते बरं केलंत.

२००८ ला मी सातपूरला, नवीन लग्न. शेजारी गोरखपूरची एक जण, माझ्याच वयाची, नवरा कारखान्यात. तीन दिवस ती आमच्याकडे होती, पडदे ओढून. चौथ्या दिवशी पहाटे स्टेशनला जायचं ठरलं. आरशासमोर बसली आणि ओल्या फडक्याने भांगातला नारंगी सिंदूर पुसला. तो पुसताना पसरतो, कपाळभर झाला. मग म्हणाली, "दीदी, पल्लू आप के जैसा लगा दो." मी तिचा उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर सोडला, डाव्या खांद्यावर टाकला, पिन लावली, माझी टिकली दिली. तिचे खांदे थरथरत होते. मला पिन नीट लावता येईना.

रविवारी "लेकीबाळींचा प्रश्न" ऐकताना मला तिची आठवण झाली. ती कोणाच्या यादीत होती?

सातपूरची_पोर
दोन दिवस वाचतेय. आज लिहिते. आईवडील आजमगढचे, मी जन्मापासून सातपूरची. शाळा मराठी, स्वप्नं मराठी.

२००८ ला मी नऊ वर्षांची. आम्ही गावी गेलो नाही. घरमालक काकांनी बाहेरून कुलूप लावलं, म्हणजे घर रिकामं वाटावं. चार दिवस आत. काकू मागच्या खिडकीतून डबा द्यायच्या. शिट्टी होईल म्हणून आई कुकर लावायची नाही.

पण मला दुसरंच सांगायचंय. आमच्या घरात 'बाहेरचे' म्हणजे तुम्ही. आठवीत पापांनी सांगितलं, यहाँ की लड़कियों जैसी नहीं घूमना, यहाँ के लड़के ठीक नहीं. तुमच्याकडे आमची पोरं वाईट, आमच्याकडे तुमची. कुलूप दोन्हीकडे पोरीलाच. मी स्कॉलरशिप सोडणार होते, शाळेतल्या बाई घरी येऊन पापांशी दोन तास बोलल्या म्हणून शिकले.

कॉलेजला असताना बसमध्ये एकाने त्रास दिला. चौकीत गेले. पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" सातपूर म्हणाले. "मूळ गाव?" आजमगढ म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. तो मुलगा कुठला होता ते मला आजही माहीत नाही. त्याला कोणी विचारलंच नाही.

सई_आई
पोरी, मी वर जे लिहिलं ते वाचून तुला वाईट वाटलं असेल.

सातपूरची_पोर
नाही काकू. ती पायरी मला पण माहीत आहे. आमच्या गल्लीत पण होती, मी पण मान खाली घालून जायचे. ते माझ्याच भाषेत बोलायचे, म्हणून मला तर सगळं कळायचं.

आजीचीगोधडी
अशी एकेक रत्नं आहेत. जेवलीस का गं?

मोगरा_७
पुण्यात स्वारगेटला बसमध्ये बलात्कार झाला त्या वेळी, फेब्रुवारी २०२५, पहिल्या दिवशी आमच्या ग्रुपवर "परप्रांतीयच असणार" असे तीस मेसेज. संशयित शिरूर तालुक्यातला निघाला, ग्रुप चिडीचूप. बस डेपोत उभी होती, दिवे, पहारा याबद्दल त्या तीसांपैकी एकाने लिहिलं नव्हतं.

पाथर्डीफाटा
दिव्यांवरून आठवलं, सिटीलिंकची शेवटची बस गेली की फाट्यावर अंधारच. निशिगंध, तुमच्या मीटिंगचं काय झालं पुढे?

निशिगंध
काल आम्ही साती जणी सेक्रेटरींकडे गेलो. म्हटलं, लेकीबाळी आल्यात, आता आमचा प्रश्न ऐका. पार्किंगचा दिवा चार महिने बंद आहे. मागच्या गेटला कडी नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ (आपलेच, इथलेच) लिफ्टमध्ये मुलींना चिकटून उभे राहतात, त्यांना लेखी समज द्या. भाडेकरू कोणीही असो, करार आणि पोलिसांकडची नोंद करा, मुलांना भेटा, मग ठरवा. तिसरा मुद्दा ऐकून सेक्रेटरी पाणी प्यायले.

सई_आई
आणि दिवा?

निशिगंध
आज संध्याकाळी लागला. गेटच्या कडीला मिस्त्री उद्या येतोय. लिफ्टवाल्यांचं पत्र अजून सेक्रेटरींच्या खिशात आहे, रविवारपर्यंत वाट बघतो.