'वाळूचा ताप ४६': ताप, तापमान, तापमापी आणि संवेदक

देवगड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात सातवीच्या वह्या तपासताना अडलो, म्हणून हा धागा.

खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना दर वर्षीचाच प्रयोग केला होता. सारखे दोन पत्र्याचे डबे, एकात पुळणीवरची कोरडी वाळू, दुसऱ्यात पाणी, दोन्ही कठड्यावर उन्हात. यंदा काचेच्या तापमापीऐवजी वायरच्या टोकाला स्टीलची नळी असलेले दोन सेन्सर खुपसले. (मुलं त्याला 'खिळा' म्हणतात. "सर, खिळा पाण्यात घालू?") एका मुलाने वहीत लिहिलं: 'एक तासाने वाळूचा ताप ४६, पाण्याचा ताप ३४.'

सवयीने 'ताप'खाली लाल रेघ मारली, वर 'तापमान' लिहिलं, आणि मग वाटलं, चूक नक्की काय आहे? 'सूर्याचा ताप' आपण म्हणतोच की. दुसरा प्रश्न त्या खिळ्याचा. त्याला सेन्सर म्हणायचं, पुस्तकी 'संवेदक' म्हणायचं, की सरळ तापमापी?

प्रतिसाद (चिपळूण, निवृत्त भाषाशिक्षक):
मुलाचा शब्द संस्कृताच्या हिशेबाने बरोबर आहे. 'तप्' म्हणजे तापणे, त्याचं नाम 'ताप'. तवा तापतो, दूध तापवतात, लोखंड तापून लाल होतं. यात आजाराचा संबंध कुठेच नाही. मराठीत मात्र नाम म्हणून एकटा उभा राहिला की 'ताप' अंगात भरतो नाहीतर डोक्यात. 'पोराला ताप आलाय', 'डोक्याला ताप झालाय'. क्रियापद वाळूला चालतं, नाम चालत नाही. म्हणून 'वाळू तापली' छान, 'वाळूचा ताप' वाचताना कपाळावर ओली पट्टी ठेवावीशी वाटते.

तापमान म्हणजे तापाचं मान, किती तापलंय त्याचं माप. आता कुणी म्हणेल, मग 'तापमान मोजणे' म्हणजे माप मोजणे झालं. म्हणू दे. रूढ आहे.

प्रतिसाद (वेंगुर्ला):
मास्तरांनू, पोराक गुण देवन टाका. आमच्या घरात कोण तापमान बघणा नाय, 'पाणी हून झाला काय' इतक्याच विचारतत.

प्रतिसाद (राजापूर):
'हून' आणि 'ऊन' भाऊभाऊच, मूळ 'उष्ण'. घाटावर ऊन म्हणजे फक्त सूर्याचं असं वाटायला लागलंय, पण 'ऊन ऊन भात' अजून सगळीकडे आहे. आमच्या राजापूरजवळ उन्हाळे गाव आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, उन्हाळा ऋतूवरून नाव पडलं असेल. 'उन्हाळे' म्हणजे गरम पाण्याचा झरा, आणि तो तिथे आहे. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्यालाही तसाच. सहल नेलीत तर खिळा घेऊन जा. कुंडातल्या बादलीभर पाण्यात आणि त्याच पाण्याच्या पेलाभरात आकडा सारखाच येईल, पण निवायला बादलीला जास्त वेळ लागेल. उष्णता आणि तापमान हे दोन शब्द का लागतात, ते मुलांना फळ्याशिवाय समजेल.

प्रतिसाद (रत्नागिरी, इलेक्ट्रॉनिक्सचं काम):
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'सेन्सर' आणि 'तापमापी' एकच नाहीत, आणि इथे शब्द सैल सोडला तर मुलांची समजूत सैल होते.

थर्मिस्टर घ्या, म्हणजे तापमानाप्रमाणे विजेला होणारा रोध बदलणारा छोटा भाग. नेहमीचा जो मिळतो त्याचा रोध २५ अंशांना १० किलोओहम असतो आणि तापला की कमी होतो. तो एवढंच करतो. अंश म्हणजे काय हे त्याच्या गावीही नाही. एलएम३५ हा दुसरा सेन्सर थोडा समजूतदार, दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. मल्टिमीटरवर ०.३१ व्होल्ट दिसले की ३१ अंश सेल्सिअस, हे गणित मूल करतं. म्हणजे खिळ्याला जाणवलं आणि मापलं मुलाने. काचेच्या तापमापीत दोन्ही एकत्र असतात, पारा किंवा रंगीत अल्कोहोल हा संवेदक आणि काचेवरच्या रेघा हे माप. रेघा पुसा, खाली उरेल तो संवेदक.

तुमचा स्टीलचा खिळा बहुधा डीएस१८बी२० नावाचा सेन्सर असेल. तो जरा घोळ घालतो, कारण मापणंही आतच उरकून तयार आकडा बाहेर पाठवतो. त्याला मापी म्हटलं तर मी भांडणार नाही.

प्रतिसाद (अलिबाग):
मला 'संवेदक' शब्दच खटकतो. संवेदना कवीला असते, वायरीला कसली?

प्रतिसाद (चिपळूण, तेच):
'विद्' म्हणजे जाणणे. वेद, विद्या, वेदना सगळे त्याच घरचे. 'वेदना'चाही मूळ अर्थ जाणीव, दुखणं नंतर आलं. संवेदक म्हणजे ज्याला जाणवतं तो. रत्नागिरीकरांनी जे सांगितलं, जाणवणं वेगळं आणि मापणं वेगळं, ते या शब्दात आधीपासून आहे. कुणीतरी विचार करून बसवलेला शब्द आहे.

धागालेखक:
बरोबर, डीएस१८बी२० च आहे. त्याने माझीही फजिती केली ती सांगतो. आर्डुइनोला (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड) जोडून सुरू केलं आणि वाळूचा पहिलाच आकडा आला ८५. मुलं डब्यापासून मागे सरकली. एकाने हात घालून पाहिलं तर वाळू जेमतेम कोमट. दुसऱ्या गटाकडे उणे १२७. मी वर्गासमोर म्हणालो, "सेन्सर खोटं बोलतोय." विकणाऱ्याच्या नावानेही बोटं मोडली. नंतर कळलं, वीज मिळाल्याबरोबर त्याच्या आत ८५ हाच आकडा भरलेला असतो. पूर्ण बारकाईने मापायला त्याला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. त्याआधी विचारलं तर तो तेच सांगणार. आणि उणे १२७ म्हणजे तो बोललाच नाही. वायर सुटलेली होती, आपल्या प्रोग्रॅमने आपल्यालाच दिलेली खूण ती. म्हणजे 'खोटं बोलतोय' हा माझाच चुकीचा शब्दप्रयोग. हे आधी माहीत असतं तर त्याच दिवशी चांगला तास झाला असता.

संवेदक हा शब्द मला आता पटतो, पण वर्गात मी सेन्सरच म्हणणार. फोनमध्ये सेन्सर, नळाला सेन्सर, मुलांच्या तोंडी तो बसलाय. संवेदक परीक्षेत लिहिण्यापुरता. मोजणाऱ्या सगळ्या जोडणीला मिळून तापमापी. मुलांना तसं सांगितलं, तर एकीने विचारलं, "तो तापमापी की ती तापमापी?" मी 'ती' म्हणतो. तो वाद इथे नको.

प्रतिसाद (हर्णै):
उणे वरून आठवलं. बंदरावरच्या बर्फात मीठ कालवून पाहा. शाळेतली काचेची तापमापी बहुतेक उणे १० ला संपते, मिठाच्या बर्फात पारा त्याच्याही खाली उतरू शकतो. स्टीलचा खिळा उणे ५५ पर्यंत मोजतो. आणि 'मायनस' शिकवू नका हो. बाजारात 'दहा रुपये उणे' म्हणणाऱ्या पोरांना उणे शिकवायला लागत नाही.

प्रतिसाद (रत्नागिरी):
'पारा' शब्दाचंही तसंच. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानंतर (२०१३) पाऱ्याच्या तापमाप्या जगभर मागे पडत चालल्यात, तरी पेपरात 'पारा ३८ वर' छापतात आणि साहेबांचा पारा चढतोच. 'साहेबांचा सेन्सर चढला' कोण म्हणणार?

प्रतिसाद (अलिबाग):
एक राहिलं. 'रीडिंग घेणे' याला काय म्हणता? पुस्तकात कुठे 'वाचन' आहे, कुठे 'नोंद'.

धागालेखक:
वाचन म्हटलं की आमची मुलं धडा उघडतात. रीडिंग बघायचं आणि नोंद लिहायची, असं आम्ही वाटून घेतलंय. बघताना ३४.०६ दिसतं. या सेन्सरच्या हमीतच अर्ध्या अंशाचा फरक इकडे-तिकडे धरलेला असतो, म्हणून नोंदीत ३४ लिहा म्हणतो.

आणि वेंगुर्लेकर, गुण दिले. रेघ तशीच ठेवली, तिच्या बाजूला 'वाळू तापली, तापमान ४६ अंश सेल्सिअस' असं लिहून दिलं. वहीत अंश लिहायचं राहिलं होतं, त्याचा अर्धा गुण मात्र कापला.