वर्गात टिकून राहिलात ते कशाच्या जोरावर? (अनुभव धागा)

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. आपल्या ख्रिस्ती मंडळीत शिकवणारे खूप आहेत, पण चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभे राहिलो की सगळे थेट शेवटावर जातो, प्रभूने सांभाळलं, आमेन, आणि खाली बसतो. मधलं कोणी सांगतच नाही. इथे मधलं सांगा, मीच सुरू करते.

आठवीचा वर्ग, 58 मुलं, गणित. मी फळ्याकडे वळले की मागून शिट्टी. रोज. कोण वाजवतो ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. एकदा बाथरूममध्ये नळ सोडून रडले, राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. माझ्या डायरीत बायबलमधलं कलस्सै 3:23 पहिल्या पानावर आहे, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, आणि खरं सांगू का, त्या 'जिवेभावे'चा मला राग यायचा, जीव उरलाय कुठे! मग एका रात्री आधीची ओळ वाचली तर हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल हे दासांना लिहितोय. म्हणजे ज्यांना मालक निवडता येत नव्हता आणि शाबासकी तर मिळणारच नव्हती अशांना. तेव्हा काहीतरी सैल झालं. मुख्याध्यापकांच्या शेऱ्यासाठी शिकवणं बंद केलं. बदल केला तो एकच, सगळ्यात कच्च्या मुलांच्या वह्या आधी तपासायला लागले, डोकं ताजं असताना. आधी त्या शेवटी यायच्या आणि मी नुसत्या टिका मारायचे.

शिट्टी थांबली नाही हं. पण मार्चमध्ये तोच मागून ओरडला, "मॅडम, वजा राहिलं." खरंच राहिलं होतं. म्हणजे फळ्याकडे बघत होता की!

*

ताई, छान धागा. माझं छोटंसं आहे. मी मुलांना रोल नंबरने हाक मारायचो, सोपं पडतं. एका ईस्टरला पाळकांनी योहान 20 वाचला, मरीया कबरेपाशी रडतेय, येशू समोर उभा आहे तरी तिला तो माळी वाटतो आणि तो "मरीये" म्हणाल्यावर ती ओळखते, म्हणते रब्बूनी, म्हणजे गुरुजी. मी बाकावर गार. नुसत्या नावावर ओळख पटली. त्यानंतर हजेरी नावानेच घेतो, चार मिनिटं जास्त जातात, तीच माझी प्रार्थना समजा.

*

मी विशेष मुलांना शिकवते. आमच्याकडे निकाल वगैरे काही नसतं. एका मुलाला शर्टाचं बटण लावायला शिकवत होते, आठ महिने. बटण काजात अर्धं जायचं आणि तो हात काढून घ्यायचा, परत पहिल्यापासून, रोज तेच. लोक म्हणायचे तुझ्यात काय पेशन्स आहे ग, डोंबलाचा पेशन्स, मी आतून चरफडत असायचे. मार्क 8 मधला आंधळा आठवा, येशूने हात ठेवले तरी त्याला माणसं झाडांसारखी दिसली, मग परत हात ठेवावे लागले. स्वतः प्रभूला दुसऱ्यांदा ठेवावे लागले तर मी कोण. बटण लागलं शेवटी. वरून दुसरं. बाकीची अजून मीच लावते.

*

जरा उलटं लिहितो, राग मानू नका. विश्वासाने मला उभं ठेवलं हे खरंच, पण 'सेवा' हा शब्द वापरून मला पिळलंही गेलंय. ज्या संस्थेत होतो तिथे पगार तीन तीन महिने थकायचा आणि विचारलं की ऐकवायचे, सर, ही सेवा आहे. याकोब 5:4 काढून बघा, मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. आणि एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागतो तेव्हा देव त्याला आधी काय देतो? प्रवचन नाही, झोप आणि भाकर, ती पण दोनदा. मी ती नोकरी सोडली, शिकवणं नाही सोडलं. दुसरीकडे शिकवतो, रात्री झोप लागते.

*

मी निवृत्त. आपल्यात सगळे 'पाचारण' म्हणतात, म्हणजे देवाने या कामाला बोलावलं, मला ते कधी ऐकूच आलं नाही बुवा, नोकरी लागली म्हणून शिकवायला लागलो. बरीच वर्षं वाटायचं आपण खोटे ख्रिस्ती शिक्षक. मग जॉन बाप्टिस्ट द ला साल यांच्याबद्दल वाचलं. श्रीमंत घरातले फ्रेंच पाद्री, 1681 मध्ये गरीब शाळामास्तरांना स्वतःच्या घरात राहायला आणलं तर नातेवाईक भडकले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हे काम आपल्याला कुठवर नेणार हे आधी कळलं असतं तर हातच लावला नसता! आणि याच माणसाला 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. एका पावलातून दुसरं निघालं, एवढंच. माझंही तसंच झालं, 31 वर्षं.

*

पाच दिवस नुसतं वाचतेय, लिहायला धीर होत नव्हता. माझं दुसरंच वर्ष आहे, साक्ष वगैरे नाही माझ्याकडे, राजीनामा मात्र आहे, मोबाईलच्या ड्राफ्टमध्ये. कच्च्या वह्या आधी हे करून बघते. उद्या पहिलाच तास नववी ब वर आहे, साडेसातला. कोणाला आठवलं तर प्रार्थना करा.