व्यायामाच्या वहीतले आकडे वाचायचे कसे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
गेले पाच महिने वजनं घेऊन व्यायाम करतेय आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. तारीख, व्यायाम, वजन, सेट (न थांबता केलेली एक फेरी), रेप्स (एका फेरीत तो व्यायाम किती वेळा केला), सगळं न चुकता लिहिते. घामाच्या हातांनी काही पानांवरची शाई फुटलीय, पण आकडे दिसतात. त्यांचा अर्थ मात्र लागत नाही.

स्क्वॉटचंच, म्हणजे वजन घेऊन मारायच्या बैठकांचंच बघा. मागच्या महिन्यात ६० किलोवर ८ रेप्सचे ३ सेट व्हायचे. आता ६५ किलोवर ५ रेप्सचे ३ होतात. एकूण उचललेलं वजन मोजलं तर १४४० किलोवरून ९७५ वर आलं. एप्लीच्या सूत्राने, म्हणजे वजन × (१ + रेप्स ÷ ३०), एका रेपची अंदाजे कमाल (एकदाच उचलता येईल असं सगळ्यात जास्त वजन) काढली तर दोन्ही वेळा ७६ किलोच्या आसपास येते. मग ताकद वाढली, घटली की आहे तिथेच आहे? तुम्ही कोणता आकडा धरता?

दुसरं म्हणजे, सेट किती जड गेला हे मी लिहिलंच नाही. एका पानावर नुसतं ‘शेवटचा रेप अडकला’ एवढंच आहे, आणि खरं सांगायचं तर तीच नोंद मला सगळ्यात उपयोगी वाटते. अजून किती रेप्स निघाले असते, हे तुम्ही प्रत्येक सेटला लिहिता की फक्त शेवटच्या? दोन सेटमधली विश्रांती घड्याळ लावून मोजता का? मी कधी दोन मिनिटं थांबते, कधी चार, त्यामुळे तुलनाच चुकत असेल असं वाटतं.

कोणी नियमित वही ठेवत असेल तर एका दिवसाची नोंद जशीच्या तशी इथे लिहाल का?