पद्मिनी गरम झाली की बंद पडते, कॉइल नवी टाकली तरी तेच

कार्ब्युरेटरप्रेमी:
गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८८ मॉडेल, १०८९ सीसी, पॉइंट-कंडेन्सरचं मूळ डिस्ट्रिब्युटर (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, कंडेन्सर त्यावरच्या ठिणग्या आवरतो). सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. अर्धा-पाऊण तास चालली की आधी चढावर मिसिंग सुरू होतं, मग धक्के देत बंद पडते. खंबाटकीच्या घाटात हे ठरलेलंच. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. बंद पडल्यावर कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा डबा) हात लाववत नाही, इतकी तापलेली असते. कॉइल बदलली तर काही दिवस बरं चालतं, पुन्हा तोच प्रकार. प्लग, प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटर कॅप नवी आहे. पेट्रोल फिल्टरही बदललाय. कॉइल पुन्हा पुन्हा का जातेय, हे कसं शोधायचं? मल्टीमीटर आहे, वापरता येतो.

पाना_बारा_तेरा:
कॉइल एकटी सहसा मरत नाही, तिला मारणारं काहीतरी गाडीत असतं. पण आधी दोष कॉइलचाच आहे हे पक्कं करा. उन्हाळ्यात पद्मिनीच्या एसी पंपात (पेट्रोल ओढणारा पंप, एअर कंडिशनरचा नव्हे) आणि पेट्रोलच्या नळीत वाफ धरली तरी हुबेहूब हीच लक्षणं दिसतात.

गाडी बंद पडली की तिथेच, गार व्हायच्या आत, हे करा. कॅपच्या मधल्या भोकातली जाड वायर काढा. तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून ६-७ मिमीवर धरा. हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा. पेट्रोलची नळी किंवा कार्ब्युरेटर जवळ नको. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक, टक-टक आवाज करणारी ठिणगी सलग आली तर कॉइलला दोष देऊ नका, पेट्रोलकडे वळा. पिवळी, बारीक, मध्येच गायब होणारी ठिणगी आली किंवा आलीच नाही, तर इग्निशन.

ही वायर लोंबकळत ठेवून सेल्फ कधीच मारू नका. ठिणगीला बाहेर उडी मारायला जागा मिळाली नाही की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते.

रस्त्यावरची आणखी एक चाचणी म्हणजे ओलं फडकं. आधी फक्त एसी पंपावर ठेवा आणि सेल्फ मारून बघा. फरक पडला नाही तर मग कॉइलवर. दोन्हीकडे एकदम पाणी ओतलं तर काहीच कळणार नाही. कॉइल गार होताच गाडी उठली तर गुन्हेगार सापडला.

ओहमचा_नियम:
मल्टीमीटर आहे तर पुढचं मोजूनच ठरवूया. कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढा. मीटर २०० ओहमवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो लिहून घ्या. साधारण ०.२ ते ०.४ येतो, तो प्रत्येक मापातून वजा करायचा. इतक्या कमी ओहमच्या मापात एवढी चूकसुद्धा निर्णय फिरवते.

मग दोन छोट्या टर्मिनलमधलं माप, म्हणजे प्रायमरी, घ्या. साध्या पॉइंटच्या १२ व्होल्ट गाडीला, बॅलास्ट (कॉइलचा करंट कमी करायला तिच्या आधी जोडलेला रेझिस्टर) नसेल तर, ३ ओहमच्या आसपासची कॉइल लागते. दीड ओहमच्या आसपास आली तर ती बॅलास्टसोबत वापरायची कॉइल आहे. एकपेक्षा कमी असेल तर ती इलेक्ट्रॉनिक इग्निशनची, पॉइंटच्या गाडीत तिचं काम नाही. दुकानात डबा सारखाच दिसतो, बसतोही सारखाच, आणि बऱ्याचदा घोळ इथेच होतो.

मधल्या जाड टर्मिनलपासून छोट्या टर्मिनलपर्यंत, म्हणजे सेकंडरी, ढोबळमानाने ६ ते १२ किलोओहम यायला हवेत.

हीच मापं गाडी बंद पडल्या पडल्या गरम कॉइलवर पुन्हा घ्या. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे २० अंशाला ३.० ओहम असलेली कॉइल ८० अंशाला ३.७ दाखवणार, त्यात काही वावगं नाही. गरम झाल्यावर मीटरने एकदम काहीच दाखवलं नाही तर आत तार तुटलेली आहे आणि तापल्यावर फाकते. आकडा वाढण्याऐवजी घटला तर वेढे आपसात शॉर्ट होताहेत.

यानंतर व्होल्टेज. वायरी परत लावा, पॉइंट मिटलेले राहतील इतकं इंजिन फिरवा, चाबी ऑन करा, पण मिनिटभरापेक्षा जास्त नको. एसडब्ल्यू टर्मिनल (कॉइलचं चाबीकडचं) ते बॅटरी निगेटिव्ह किती, सीबी टर्मिनल (कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडचं) ते बॅटरी निगेटिव्ह किती, आणि गाडी चालू असताना बॅटरीवर किती, हे तीन आकडे इथे टाका.

कार्ब्युरेटरप्रेमी:
ठिणगीची चाचणी केली. बंद पडल्यावर पिवळी आणि तुटक. पंपावर ओलं फडकं ठेवून फरक नाही, कॉइलवर ठेवल्यावर सुरू झाली.

मापं, प्रोबचे ०.३ वजा करून: गार असताना प्रायमरी १.६ ओहम, सेकंडरी ८.९ किलोओहम. गरम असताना प्रायमरी १.९. बॅटरी १२.५ व्होल्ट. चाबी ऑन, पॉइंट मिटलेले: एसडब्ल्यूवर ११.६, सीबीवर ०.६. गाडी चालू: १४.२.

बॅलास्ट असा वेगळा कुठे दिसत नाही. वायरिंगमध्येच रेझिस्टन्सची वायर दडलेली असू शकते का?

ओहमचा_नियम:
नाही, ती शंका ११.६ या आकड्याने मिटली. वायरिंगमध्ये बॅलास्ट असता तर पॉइंट मिटलेले असताना एसडब्ल्यूवर ६ ते ९ व्होल्टच दिसले असते. तुमच्या गाडीत बॅलास्ट नाही आणि कॉइल मात्र बॅलास्टची आहे.

आता हिशोब बघा. कॉइलवर प्रत्यक्ष ११ व्होल्ट, भागिले १.६, म्हणजे जवळजवळ ७ अँपिअर. चाबी ऑन ठेवून गाडी बंद असेल आणि पॉइंट मिटलेले असतील तर ७५ वॉट उष्णता त्या छोट्या डब्यात साठते. ३ ओहमच्या कॉइलला हाच आकडा ४० च्या आसपास असतो. गाडी चालू असताना करंट सलग नसतो म्हणून सरासरी कमी, पण व्होल्टेज १४.२ असतो आणि वर इंजिनाची धग. आतलं तेल तापतं, इन्सुलेशन सैल पडतं, ठिणगी आतच फुटू लागते. १.६ वरून १.९ होणं तापमानाच्या हिशोबात बसतं, तार तुटलेली नाही. सेकंडरीचं इन्सुलेशन गरम असताना दम सोडतंय, आणि ते मीटरच्या ९ व्होल्ट बॅटरीला दिसत नाही.

उपाय एकच करा: बॅलास्टशिवाय चालणारी ३ ओहमची कॉइल. दुकानातच, पैसे देण्याआधी, मीटर लावून घ्या. आहे त्या कॉइलला १.५ ओहम, ५० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर जोडता येतो, पण मग सेल्फ मारताना पूर्ण व्होल्टेज मिळावं म्हणून स्टार्टरकडून वेगळी वायर आणावी लागते. एवढा खटाटोप कशाला? शिवाय ही कॉइल आतून भाजलेली आहे, ती वाचवण्यात अर्थ नाही.

पाना_बारा_तेरा:
वरचं निदान बरोबर, पण सीबीवरचे ०.६ सोडून देऊ नका. पॉइंट मिटलेले असताना तिथे ०.२-०.३ च्या वर जायला नको. मीटरचा एक प्रोब बॅटरी निगेटिव्हला ठेवून दुसरा डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या धातूला लावा. तिथेच ०.३-०.४ दिसले तर इंजिनाची अर्थिंग पट्टी खराब. बॉडीवर शून्य आणि आतल्या प्लेटवर व्होल्टेज असेल तर प्लेट ते बॉडी जोडणारी विणलेली बारीक अर्थ वायर तुटायला आलीय. दोन्ही ठीक असतील तर पॉइंट जळलेत. ७ अँपिअर ओढल्यावर ते जळणारच, पॉइंटचा नेहमीचा भार चारच्या आसपास असतो.

म्हणून नव्या कॉइलसोबत पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे टाका. कंडेन्सर ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो. तोही गरम झाल्यावर लीक होतो आणि कॉइल गेल्यासारखंच नाटक करतो. संशय असेल तर जुन्याची वायर पूर्ण सोडवून, नवा कंडेन्सर बाहेरून सीबी टर्मिनल आणि अर्थमध्ये क्लिपने लावून बघा. जुना तसाच जोडलेला ठेवला तर लीक चालूच राहील आणि चाचणी फसेल.

पॉइंटची गॅप ०.४५ मिमी, फीलर गेजने, कॅमच्या चारही टोकांवर मोजा. टोकाटोकात ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर शाफ्टचं बुश झिजलंय, कितीही सेटिंग केलं तरी टिकणार नाही. गॅप बदलली की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, वाढवली की पुढे, कमी केली की मागे. त्यामुळे गॅप आधी, टायमिंग नंतर. कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं.

लालमाती:
कोकणातल्या गाड्या बघतो म्हणून एक भर. कॅप नवी म्हणालात, रोटरचं (कॅपखाली फिरून प्रत्येक प्लगकडे ठिणगी वाटणारा तुकडा) लिहिलं नाहीत. कॅप काढून कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून ५ मिमीवर धरा आणि सेल्फ मारा. ठिणगी पट्टीवर उडी मारत असेल तर रोटर आतून फुटलाय आणि करंट शाफ्टमधून अर्थ होतोय. नवी कॉइलसुद्धा त्याने कमजोर वाटते. कॅपच्या मधला कार्बन बोटाने दाबून बघा, स्प्रिंगने परत वर यायला हवा. अडकला असेल तर तिथे जादा गॅप पडते. प्लगची गॅपही ०.६-०.७ मिमीच्या पुढे जाऊ देऊ नका. जितकी गॅप वाढेल तितका जास्त व्होल्टेज कॉइलला उभा करावा लागतो, आणि तो ताण तिच्याच इन्सुलेशनवर येतो.

नवी कॉइल बसवताना एक्झॉस्टच्या धगीपासून दूर, जाड टर्मिनल वर करून उभी बसवा. क्लॅम्प कॉइलला पोचा पडेल इतका आवळू नका. आणि रेडिओ ऐकायला किंवा हेडलाइट तपासायला चाबी इग्निशनवर ठेवून बसणं बंद करा. इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, अशा वेळी ३ ओहमची कॉइलही दहा-पंधरा मिनिटांत चटका देण्याइतकी तापते.