मदत हवी आहे: महूच्या शिंप्याच्या मोडी वहीतली 'बरेकनाक पलटण' नक्की कोणती?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे महूचे (कागदोपत्री २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर, घरात अजून महूच). पणजोबांचं छावणीत शिंप्याचं दुकान होतं, गोऱ्या पलटणीची शिलाई, रफू, काज-बटणं असली कामं. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर त्यांची उधारीची वही सापडली, सगळी मोडीत. मी गेल्या वर्षी मोडीचा क्लास केलाय त्यामुळे थोडंफार लागतं, पण नावं लागत नाहीत हो!

एका पानावर ठळक लिहिलंय "बरेकनाक पलटण". पहिली नोंद भाद्रपद शके १८३७, म्हणजे सप्टेंबर १९१५, आणि शेवटची चैत्र शके १८४१. नावं बघा: जोन, देविस, देविस, जोन, पावेल, परैस, परत देविस. नावापुढे आकडा, मला आधी वाटलं रक्कम असेल, पण शके १८३९ पासून आकडे अचानक सहा आकडी होतात आणि सहा आकडी उधारी कुठला शिपाई शिंप्याकडे करणार? खरी रक्कम शेवटी आहे, रुपये-आणे-पै.

गुगलवर साऊथ वेल्स बॉर्डरर्स सापडलं, दक्षिण आफ्रिकेतलं १८७९ चं झुलू युद्ध, त्यातल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईवाले. तीच पलटण का ही? आणि नावांपुढचे आकडे कसले? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

कार्डिफची_सून: अय्या, हे तर आमच्या शेजारचं प्रकरण! बरेकनाक म्हणजे ब्रेकनॉकशायर, मिड वेल्समधली जुनी काऊंटी, मुख्य गाव ब्रेकन, वेल्शमध्ये अबेरहोन्दी. डोंगर, मेंढ्या आणि दक्षिणेला ब्रिनमॉरच्या बाजूला कोळसा-लोखंड.
रोर्क्स ड्रिफ्टवाली २४ वी फूट (म्हणजे पायदळ पलटण), ती पगारी फौज, १८८१ मध्ये तिचं नाव साऊथ वेल्स बॉर्डरर्स झालं. तुमची पलटण त्याच रेजिमेंटला जोडलेली पण हौशी, पार्टटाईम. सुरुवात १८५९-६० ची, तिसरा नेपोलियन चाल करून येईल म्हणून इंग्लंड-वेल्समध्ये गावोगाव रायफल व्हॉलंटियर उभे राहिले, तशा ब्रेकन, ब्रिनमॉर, क्रिकहॉवेल, हे-ऑन-वाय, बिल्थ इथे तुकड्या निघाल्या. दिवसभर खाणीत नाहीतर शेतावर राबायचं, संध्याकाळी ड्रिल, वर्षातून एकदा कॅम्प. १८८५ मध्ये त्यांची बॉर्डरर्सची व्हॉलंटियर बटालियन झाली आणि १९०८ मध्ये युद्धमंत्री हाल्डेन साहेबांनी टेरिटोरियल फोर्स (अशा पार्टटाईम शिपायांची फौज) काढली तेव्हा ब्रेकनॉकशायर बटालियन.
नावांचं म्हणाल तर पावेल म्हणजे पॉवेल, मूळचं आप हॉवेल, हॉवेलचा मुलगा. परैस म्हणजे प्राइस, आप ऱ्हीस. जोन म्हणजे जोन्स, देविस म्हणजे डेव्हिस. माझ्या ऑफिसात पाच जोन्स आहेत, फोनवर कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखायचं 😄

मोडीमित्र: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सलग लिहितात, त्यात कारकुनाने कानाने ऐकलेलं वेल्श नाव. परैस वाचलंत हेच खूप झालं. वहीचा फोटो टाका ना.

जुनी_पदकं: आकड्यांचं मी सांगतो. ते शिपायांचे आर्मी नंबर आहेत. वेल्श पलटणीत एकाच आडनावाची इतकी माणसं की नंबर लावल्याशिवाय हाक मारता यायची नाही, रोर्क्स ड्रिफ्टला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले दोन जोन्स अजूनही ५९३ जोन्स आणि ७१६ जोन्स म्हणूनच ओळखतात. तुमच्या पणजोबांनी तीच पद्धत उचलली, उधारी वसूल करायची तर देविस कुठला ते कळायला नको का!
आणि सहा आकडी का झाले? १९१७ च्या सुरुवातीला सगळ्या टेरिटोरियल शिपायांना नवे सहा आकडी नंबर दिले. शके १८३९ मार्च १९१७ ला सुरू होतं. म्हणजे तुमची वही एकदम चोख आहे.

धागाकर्ता: बापरे, अंगावर काटा आला. पण मग एक सांगा, घरी राहून पार्टटाईम ड्रिल करणारी ही मंडळी महूला कशी काय?

जुनी_पदकं: कायद्याने टेरिटोरियलला देशाबाहेर पाठवता यायचं नाही, स्वतःहून होकार द्यावा लागे. १९१४ ला युद्ध पेटलं, हिंदुस्थानातल्या पगारी गोऱ्या पलटणी फ्रान्सला न्यायच्या होत्या, त्यांच्या जागी ह्यांना विचारलं आणि बहुतेकांनी हो म्हटलं. २९ ऑक्टोबर १९१४ ला जहाज सुटलं, ३ डिसेंबरला मुंबई, आणि तिथून लगेच एडनला रवानगी. (एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभारात, हे पुष्कळांना माहीत नसतं.)
तिथे जुलै १९१५ मध्ये तुर्कांचा सेनापती अली सैद पाशा एडनजवळच्या लाहेजवर चालून आला. एडनहून ह्यांची तुकडी भर उन्हाळ्यात वाळवंटातून लाहेजकडे निघाली, पाणी उंटांवर, आणि उंटवाले वाटेतच पसार. आयुष्यभर पावसात भिजलेली वेल्श पोरं उष्माघाताने रस्त्यात कोसळली, काही तिथेच गेली. पोचले ते थोडेच, त्यात रात्रीच्या गोंधळात ज्याला वाचवायला गेले त्या लाहेजच्या सुलतानालाच आपल्या लोकांची गोळी लागली. दुसऱ्या दिवशी माघार. ऑगस्टमध्ये बटालियन मुंबईला परतली आणि महूला आली, ती १९१९ पर्यंत. भाद्रपदात पणजोबांकडे गर्दी का झाली ते आता कळलं? एडनच्या वाळूने कपड्यांची लक्तरं झाली असणार (हा माझा अंदाज हं).

कार्डिफची_सून: पुढे १९२२ मध्ये ही बटालियन मॉनमथशायर रेजिमेंटच्या ३ ऱ्या बटालियनमध्ये विलीन झाली, त्यामुळे शोधताना दोन्ही नावांनी शोधा. ब्रेकनच्या बराकीत रेजिमेंटचं म्युझियम आहे, त्यांना वहीच्या पानांचे स्कॅन मेल करा. आणि शिपायांची सर्व्हिस रेकॉर्ड शोधायला गेलात तर आधीच सांगते, सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात लंडनमधल्या गोदामात निम्म्याहून जास्त जळाली. पदकांची कार्डं मात्र आहेत, लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जची, आणि त्यांवर बरेचदा जुना-नवा दोन्ही नंबर असतो, म्हणजे तुमचा चार आकडी देविस आणि सहा आकडी देविस एकच का ते जुळवता येईल.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री परत बसलो वही घेऊन. एका देविसची उधारी शके १८३८ पासून सलग आहे, कधी बटण, कधी तुमान आखूड करणे. आश्विन शके १८४० ला थांबते. बाकी २ रुपये ६ आणे, आणि त्यावर आडवी रेघ मारून बाजूला वेगळ्या शाईत एकच शब्द: मयत. आश्विन १८४० म्हणजे ऑक्टोबर १९१८ ना?

मोडीमित्र: हो. इन्फ्लुएंझाची साथ ऐन भरात होती तेव्हा. आमच्या पणजीची दोन भावंडं त्याच महिन्यात गेली.

पुणेकर_पायी: धागा उशिरा पाहिला. खडकीला युद्ध स्मशानभूमीत १९१४-१८ चं स्मारक आहे, हिंदुस्थानात जिथे-जिथे शिपाई पुरले पण आता कबरी सांभाळता येत नाहीत त्यांची १८०० हून जास्त नावं तिथे कोरली आहेत, रेजिमेंटवार. महूचा तुमचा देविस त्यात असू शकतो. मी औंधलाच राहतो, रविवारी सकाळी चक्कर टाकतो. देविस बरेच निघतील, तेव्हा सहा आकडी नंबर लागेल, बटालियनचं नावही ताडून बघतो.

धागाकर्ता: दादा, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्यातला चौथा आकडा ३ आहे की ८ ते नीट लागत नाहीये, दोन्ही धरून बघा.