ॲलिस कूपरचा शो: पास पहिल्या तीन गाण्यांचा, गिलोटिन शेवटाकडे. कसं जमवायचं?

अर्धछाया:
मंडळी, ॲलिस कूपरच्या (भयनाट्यासारखे शो करणारा अमेरिकन रॉक गायक) शोचा फोटो पास मिळालाय. जर्मनीतलं बंदिस्त सभागृह आहे. अटी नेहमीच्याच: पहिली तीन गाणी स्टेजपुढच्या पिटमधून, फ्लॅश बंद, मग बाहेर. फुलफ्रेम मिररलेसच्या दोन बॉडी, २४-७० आणि ७०-२०० लेन्स, दोन्ही एफ २.८.
पांढऱ्या रंगवलेल्या चेहऱ्याचं एक्स्पोजर कसं धरायचं? डोळ्यांभोवती काळं फासलेलं असतं, तिथे आय-डिटेक्ट (डोळा शोधून फोकस करणारी सोय) चालतं का? लाल दिव्यात चेहऱ्याचा नुसता गोळा होतो, त्यावर उपाय? आणि मुख्य म्हणजे गिलोटिन (मुंडकं छाटायचं यंत्र), स्ट्रेटजॅकेट (हात जखडणारा अंगरखा), कन्फेटीचे (रंगीत कागदाच्या तुकड्यांचे) फुगे हे सगळं नंतर येतं. त्याचं काय करायचं?

तिसरी_घंटा:
मीटरच्या भरवशावर राहू नका. फ्रेमचा मोठा भाग काळा, त्यामुळे कॅमेरा उजेड वाढवायला जातो आणि गालाची हाडं जळतात. ज्यांनी दशावतार काढलाय त्यांना हे दुखणं ठाऊक असेल.
पूर्ण मॅन्युअल ठेवा. सुरुवात १/४००, एफ २.८, आयएसओ ३२००. गायकावर फॉलो-स्पॉट (त्याच्यामागे फिरणारा झोत) पडला की एक फ्रेम घ्या, स्क्रीनवर गालाचा जळालेला भाग लुकलुकताना दिसला तर आयएसओ उतरवा. मागचे रंग दर दोन सेकंदांनी बदलतात, पण फॉलो-स्पॉट साधारण तेवढाच राहतो. म्हणून एक्स्पोजर चेहऱ्याला बांधायचं, स्टेजला नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) सावल्या दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उचलता येतात, जळलेला गाल परत येत नाही.
आय-डिटेक्ट इथे चकतं. काळ्या रंगात बुबुळ सापडत नाही, मग ते टोपी नाहीतर माइक पकडतं. छोटा सिंगल पॉइंट लावा आणि काळा रंग जिथे पांढऱ्याला भिडतो त्या कडेवर ठेवा. तेवढा कॉन्ट्रास्ट अख्ख्या स्टेजवर दुसरीकडे मिळणार नाही.
स्टँडसमोर बरोबर मध्यभागी उभे राहू नका, माइक तोंड झाकतो. दीड-दोन मीटर बाजूला सरका आणि ओळ संपल्यावर तो मान मागे घेतो तेव्हा बटण दाबा.

रंगाचा_बेरंग:
लाल दिव्याचं. साधा हिस्टोग्राम (फ्रेममधल्या उजेडाचा आलेख) इथे फसवतो: एकूण उजेड ठीक दाखवतो आणि लाल चॅनल केव्हाच फुटलेला (जळून तपशील गेलेला) असतो. लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, लाल धुवून निघताना दिसला की एक ते दीड स्टॉप खाली या. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ४००० केल्विनच्या आसपास बांधून टाका, म्हणजे नंतर सगळ्या फ्रेम एकदम सुधारता येतात.
तरीही गोळा झालाच तर कृष्णधवल करा, पण रूपांतर लाल चॅनलवरून. एलईडीच्या शुद्ध लाल उजेडात तपशील फक्त तिथेच असतो. हिरव्या-निळ्यात नुसता नॉइज.
एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: खोटं रक्त लाल दिव्यात दिसतच नाही. लाल उजेडात लाल आणि पांढरं सारखंच उजळतं. रक्त हवं असेल तर पांढऱ्या दिव्याची वाट बघा. हिरव्या-निळ्या उजेडात ते काळं पडतं, तेही भेसूर छान दिसतं.
आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद. एलईडीच्या फडफडीमुळे फ्रेमवर आडवे पट्टे येतात आणि ते एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत. मेकॅनिकल शटरचा आवाज? त्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार!

साउंडडेस्कमागचा:
गिलोटिनसाठी पिटचा नाद सोडा. पास देणाऱ्या प्रसिद्धी विभागाला आधीच मेल करा आणि नेमकं मागा: ‘शेवटची वीस मिनिटं, साउंड डेस्कजवळून, फ्लॅशशिवाय’ (प्रेक्षकांमागे आवाज सांभाळणारे बसतात ती जागा). ‘पूर्ण शो काढू द्या’ म्हटलं की नकार ठरलेला. कोणता प्रसंग कितव्या गाण्याला येतो ते त्याच दौऱ्यातल्या आधीच्या शोंवरून काढा. सेटलिस्ट डॉट एफएमवर क्रम मिळतो. दौरा बदलला की क्रमही बदलतो, त्यामुळे जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका.
४०० एमएम भाड्याने आणू नका. डेस्क ३० मीटरवर असेल तर २०० एमएमला उभ्या फ्रेममध्ये सुमारे साडेपाच मीटर उंची मावते, म्हणजे यंत्र, जल्लाद आणि वर थोडा अंधार, सगळं बसतं.
पातं दोन मीटर पडतं असं धरलं तर त्याला ०.६ सेकंदांच्या आसपास लागतात आणि तळाशी वेग सेकंदाला सहा मीटरच्या वर जातो. १/१२५ ला ते पाच सेंटिमीटर फराटतं, १/५०० ला सव्वा. सेकंदाला १० फ्रेमचा बर्स्ट असेल तर हाती सहाच लागतात. पातं सुटलेलं बघून बटण दाबलंत तर त्यातल्याही दोन गेल्या. प्री-कॅप्चर (बटण दाबण्याआधीच्या फ्रेमही जपणारी सोय) असेल तर लावा, पण काही कॅमेऱ्यांत ते फक्त इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतं आणि मग वर सांगितलेले पट्टे आलेच. माझ्या मते खरा फोटो पात्याचा नाहीच, नंतर मुंडकं उंचावून दाखवतात त्याचा आहे. बर्स्टमध्ये बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरून बसलात तर नेमका तोच हुकेल.

अर्धछाया:
डेस्क नाही मिळाला तर विंगेतून विचारू का?

साउंडडेस्कमागचा:
नको. १९७३च्या दौऱ्यासाठी गिलोटिन जादूगार जेम्स रँडी यांनी बनवलं होतं. मुळातच हा जादूचा प्रयोग, समोरून बघण्यासाठी रचलेला. बाजूने युक्ती उघडी पडते, आणि तसा फोटो कुठलाही बँड छापू देणार नाही.

तिसरी_घंटा:
कन्फेटीचं राहिलं. फुगे फुटले की ऑटोफोकस हवेतल्या कागदांमागे धावतो. आधीच गायकावर फोकस घेऊन मॅन्युअलला टाका, एफ ४, १/५००, आयएसओ वाढवा. त्या वेळी लेन्स मात्र बदलू नका. दोन बॉडी आहेतच.

कानात_कापूस:
कापूस नव्हे, नीट इअरप्लग घाला, पिटमध्ये स्पीकर डोक्याशीच असतात. पासबरोबरचा करारही सहीआधी वाचा. फोटोंचे सगळे हक्क बँडकडे जातील असं कलम असलं तर ते काढायला सांगा. लेझर असतील तर तो झोत थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका, सेन्सरवर कायमची रेघ उमटते.